रिपीटसकट फाइल मागणारीला डिझाइन देऊ नका

हातरंगाच्या साड्या करणाऱ्या सगळ्याजणींनी हे वाचाच. लाज वाटतेय, तरी लिहितेय.

एका आर्टिस्ट बाईंनी कोलॅबसाठी विचारलं, “ताई, तुमच्या मोराच्या पदरावरून ब्लाउज करू का? तुमचं नाव टाकेन.” एका डिझाइनचे ३,००० रुपये लगेच पाठवले. आपल्या क्षेत्रात इतकं विचारून कोण घेतं? मी हो म्हटलं. मग त्यांनीच प्रदर्शनाच्या स्टॉलचे माझ्याकडून ११,८०० घेतले, १०,००० आणि वर १८ टक्के जीएसटी. बिल ‘नंतर’. ते अजून आलेलं नाही. जीएसटी घेणाऱ्याकडून बिल तिथल्या तिथे घ्या.

मग रात्री साडेअकराला मेसेज: “कॅटलॉगसाठी सगळी डिझाइन्स हवीत. वॉटरमार्क काढून, रिपीटसकट पाठवा, प्रेसवाला थांबलाय.” कॅटलॉग छापायला साधा फोटो पुरतो. रिपीट, म्हणजे सलग पुन्हापुन्हा छापता येणारा नक्षीचा तुकडा, लागतो तो कापड छापणाऱ्याला! हे मला रोजचं माहीत आहे, तरी फाइल गेली. आधी परवानगी मागून पैसे देणाऱ्या बाईवर कोणी संशय घेतला असता, सांगा.

आता त्याच साड्या पॉलिस्टरवर छापून १,८५० ला विकल्या जाताहेत. माझी ६,५०० ची. तिसऱ्या मोराच्या पायाशी माझा ब्रश घसरून हिरवा शिंतोडा पडला होता, तो त्या प्रत्येक साडीवर आहे. आणि वर मलाच ऐकवते, “पैठणीचा मोर काय तुमच्या मालकीचा?” नाहीच. बांगडी मोर, आसावली, मुनिया हे पैठणीवरचे नक्षीप्रकार येवला-पैठणच्या विणकरांच्या परंपरेतून आलेत, मीही तिथूनच शिकले. पण ही मान, हा पिसारा, ही मांडणी माझ्या हातची आहे.

पोलीस म्हणाले, “मॅडम, मोर सगळेच काढतात. सिव्हिल मॅटर आहे.” कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी थेट नोंदवून घ्यायचा, असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय. निकालाची प्रत पुढे केली, ती कोणी उचलूनसुद्धा पाहिली नाही. सायबर सेलने परत ठाण्यात पाठवलं. शॉपिंग ॲप नोंदणीचं सर्टिफिकेट मागतं. अहो, चित्राचा कॉपीराइट नोंदणीशिवायही असतो! वकिलाच्या नोटिशीला ४,५०० गेले, उत्तर शून्य. मग कलाकाराने दाद मागायची कुठे?

नुसतं ‘हो, घ्या’ लिहू नका. कोणतं डिझाइन, कशावर, किती नग, कधीपर्यंत, हे कागदावर आणि सहीनिशी. हक्क लिहून देताना मुदत घातली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. डिझाइन कायद्याखाली नोंदणी करायची असेल तर फोटो टाकण्याआधी करा, एकदा जाहीर झालेलं नवं धरत नाहीत.

ती बाई आता दिवाळीच्या प्रदर्शनासाठी नव्या मुलींना मेसेज करतेय. तिला एक रुपया देऊ नका. आणि शिंतोडा असलेली साडी कुणी घेतली असेल तर बिलासकट फोटो पाठवा, तक्रारीला जोडायचाय.