२५ केव्हीएचा जनरेटर: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेल विणण्याचा लहान कारखाना आहे. वीज गेल्यावर माग मध्येच थांबला, की पुन्हा सुरू करताना कापडावर आडवी रेघ उमटते आणि तो टॉवेल दुय्यम मालात जातो. हे नुकसान आटोक्यात ठेवण्यासाठी गेल्या ऑक्टोबरात आम्ही २५ केव्हीएचा, पाण्याने थंड होणारा, बंद कॅनॉपीतील (पत्र्याच्या पेटीतील) डिझेल जनरेटर घेतला आणि वीज जाताच तो आपोआप सुरू करणारे पॅनेलही सोबत बसवून घेतले.

हिवाळाभर त्याने एकदाही दगा दिला नाही. ०.८ पॉवर फॅक्टरला (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या हिश्शाला) तो २० किलोवॉट देतो, आमचा नेहमीचा भार १२ किलोवॉटच्या आसपास असतो. सगळे माग एकदम न लावता दोन-दोन करून चालू केले, तर फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या जवळ स्थिर राहते. विजेच्या दर्जाबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार मार्चअखेरीस सुरू झाली. दुपारी चालू केल्यावर पाऊण तासाच्या आत कंट्रोलरवर, म्हणजे जनरेटरच्या नियंत्रण यंत्रावर, ‘हाय वॉटर टेंपरेचर’ असा फॉल्ट येऊन इंजिन बंद पडू लागले. सकाळी मात्र तोच जनरेटर तेवढाच भार घेऊन दोन तास चालत असे. सर्व्हिससाठी आलेल्या मेकॅनिकने पहिल्या भेटीत सेन्सर बदलला, दुसऱ्या भेटीत थर्मोस्टॅट बदलला, आणि दोन्ही वेळा पैसे देऊनही दुखणे तसेच राहिले. यात मला मनापासून खटकले ते हे, की सुटे भाग बदलण्यापूर्वी कोणीही काहीच मोजले नाही.

शेवटी मी वहीत नोंदी ठेवू लागलो: बाहेरचे तापमान, भार, पाण्याचे तापमान आणि बंद पडण्याची वेळ. इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरच्या वरच्या होजजवळ मोजलेले तापमान कंट्रोलरच्या आकड्याशी दोन-तीन अंशांच्या फरकाने जुळले, म्हणजे सेन्सर खरे बोलत होता आणि पाणी खरोखरच तापत होते. कूलंटची पातळी योग्य होती, पट्टा सैल नव्हता, रेडिएटरही बाहेरून स्वच्छ दिसत होता. कॅनॉपीची आतली बाजू उघडायला आमच्या जॉबरने, म्हणजे माग सांभाळणाऱ्या कारागिराने, सुचवले, कारण मागांवरचे तंतू कुठे कुठे जाऊन बसतात हे त्याला रोजच्या कामातून ठाऊक होते. अशा जनरेटरमध्ये पंखा हवा आतून बाहेर ढकलतो, त्यामुळे कचरा रेडिएटरच्या पंख्याकडील बाजूला अडकतो, आणि ती बाजू बाहेरून दिसतच नाही. तेथे सुताच्या तंतूंचा, तेलकट धुळीत मुरलेला, नमद्यासारखा थर जमला होता. आम्ही तो बाहेरून आत, म्हणजे हवेच्या उलट दिशेने, पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन काढला. जोरदार फवारा मारला असता, तर पातळ पत्र्या वाकून वाट आणखी बंद झाली असती.

एवढ्याने बरेच काम झाले, तरी एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला तेव्हा दोनदा तोच फॉल्ट आला. गरम हवा जेथून बाहेर पडते, तेथून चार फुटांवर आमची कुंपणभिंत आहे आणि तिच्यावर आदळून तीच हवा पुन्हा कॅनॉपीत शिरत होती. पत्र्याचे धुराडे करून ती हवा वर काढून दिल्यावर पाण्याचे तापमान सात-आठ अंशांनी उतरले, आणि त्यानंतर उन्हाळ्यात हा फॉल्ट पुन्हा आला नाही. जागा ठरवायला आलेल्या माणसाने ही भिंत पाहिली होती, म्हणून ही चूक मी बसवणाऱ्यांचीच मानतो.

जूनमध्ये वेगळाच प्रकार घडला. सुरू झाल्यावर काही सेकंदांतच ‘लो ऑइल प्रेशर’ दाखवून इंजिन बंद होई, कधी होई, कधी होत नसे. डिपस्टिकवर ऑइल बरोबर होते. ऑइलच्या दाबावर लक्ष ठेवणाऱ्या स्विचची वायर काढून ठेवा, म्हणजे चालेल, असा सल्ला मला मिळाला. तो मी मानला नाही आणि कोणीही मानू नये, कारण दाब खरोखर गेला असेल तर बेअरिंग वाचवायला दुसरे काहीच उरत नाही. स्विचच्या जागी साधा दाबमापक लावून पाहिला, तेव्हा दाब दर चौरस सेंटीमीटरला तीन किलोच्या वर भरला, म्हणजे दाब ठीक होता. मग वायर हाताने चाचपत गेलो आणि एका ब्रॅकेटवर घासून तिचे आवरण सोलले गेल्याचे दिसले. आमचा स्विच दाब कमी झाला की वायर इंजिनच्या धातूच्या बॉडीशी जोडतो. येथे ती वायर कंपनाने स्वतःच बॉडीला टेकत होती आणि कंट्रोलर तेच दाब गेल्याचे समजत होता. नवी वायर टाकून, तिच्यावर स्लीव्ह चढवून ती बांधून घेतली.

तपासणीपूर्वी पॅनेल ऑटोवरून काढून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडणे मी कधीही टाळत नाही, कारण वीज जाताच इंजिन आपण होऊन फिरू लागते.

इंजिन व अल्टरनेटर यांच्यासाठी मी हा जनरेटर आजही घेईन. मात्र रेडिएटरची आतली बाजू पाहायला आठ बोल्ट काढून अख्खा पत्रा उतरवावा लागतो, आणि आमच्यासारख्या तंतू उडणाऱ्या ठिकाणी हे काम दर आठवड्याला करावे लागते. तेथे बिजागरीचे दार आणि हवा आत येते तेथे काढता-घालता येणारी जाळी कंपनीनेच द्यायला हवी होती. ती जाळी सध्या आम्ही स्वतः बसवली आहे आणि दर सोमवारी ती झटकल्यावरच माग सुरू होतात.