आईच्या उशाशी राहिलेली संतांची प्रार्थनाकार्डं

धाकटा भाऊ गेला त्याला आता सात महिने होतील. त्यानंतर दीडेक महिना आई कुणाशी धड बोलत नव्हती, तेव्हा मी हा संच मागवला. बारा कार्डं आहेत. पुढे संताचं चित्र, मागे थोडक्यात चरित्र आणि खाली लहानशी प्रार्थना. सगळे संत असे, ज्यांनी स्वतःच्या घरातलं माणूस गमावलं. ही निवड ज्यांनी केली त्यांना मी मनापासून धन्यवाद देते.

बायबल आईच्या उशाशीच असायचं, पण ते उघडायचं बळ तिला नव्हतं. कार्ड मात्र नुसतं हातात धरून बसता येतं. पहिल्याच रात्री मी संत झेली मार्टिन यांचं कार्ड वाचून दाखवलं. या लिझ्यूच्या संत तेरेजाच्या आई. नऊ मुलांपैकी चार लहानपणीच गेली, त्यातली एक मुलगी पाच वर्षांची. लोक म्हणायचे, ही मुलं झालीच नसती तर बरं. झेलीबाईंना ते बोलणं सहन व्हायचं नाही, तसं त्यांनी पत्रात लिहून ठेवलंय. आई एकदम म्हणाली, "परत वाच." आमच्याकडेही भेटायला आलेले 'देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात' असं सांगून जात होते, आणि आई मान खाली घालून ऐकत होती. तीन वेळा वाचल्यावर तिने विचारलं, "चार गेली हिची? मग ही उठायची कशी गं सकाळी?" दीड महिन्यात तिने विचारलेला तो पहिला प्रश्न.

संत मोनिकाचं कार्ड मी स्वतःसाठी काढून घेतलंय. सन 387 मध्ये घरी परतीच्या वाटेवर, ओस्टिया बंदरात त्या वारल्या. माझा देह कुठेही ठेवा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा, एवढंच त्यांनी मुलांना सांगितलं होतं. पण मला धरून ठेवलं ते मुलाच्या, संत अगस्तीनच्या हकिकतीने. आईचे डोळे त्याने मिटले, दफनाच्या वेळीही रडू आवरलं. मन हलकं होईल म्हणून आंघोळ केली, तरी काही उपयोग झाला नाही. शेवटी झोपून उठल्यावर, एकटा असताना रडला. भावाच्या दफनाच्या दिवशी धर्मगुरूंशी बोलण्यापासून पाहुण्यांच्या चपला लावण्यापर्यंत सगळं मीच केलं, डोळ्यांतून टिपूस आलं नाही, आणि पुढे कित्येक दिवस मला स्वतःचीच लाज वाटायची. ते कार्ड वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

संतांची मध्यस्थी कशाला, थेट देवाशीच बोलावं, असं एका नात्यातल्या बाईंनी ऐकवलं. आम्ही देवाशीच बोलतो. शेजारणीला जसं 'माझ्यासाठी प्रार्थना कर गं' म्हणतो, तसंच झेलीबाईंनाही म्हणतो.

आता उणिवा. संत रिटा यांचं कार्ड वाचून मला राग आला. 'अशक्य गोष्टींच्या संत' एवढंच लिहून चमत्कार सांगितलेत. नवऱ्याचा खून झाला, मग दोन्ही मुलगे गेले, हे गाळलंय. ज्या घरासाठी हा संच काढला त्या घराला नेमकं तेच हवं होतं! संत एलिझाबेथ ॲन सीटन यांच्या कार्डावर तसं नाही. नवरा 1803 मध्ये गेला, पुढे दोन मुली गेल्या, सगळं सरळ लिहिलंय. प्रार्थनांची भाषा मात्र फार जड, 'सांत्वन प्रदान कर' वगैरे. आईला ती जमत नाही, म्हणून मी मजकूर बाजूला ठेवून साध्या शब्दांत म्हणते. अक्षर बारीक आहे, चष्मा लावूनही आईला वाचता येत नाही, आणि वरच्या चकचकीत थरामुळे दिव्याखाली चित्रच दिसेनासं होतं. एक कार्ड दोनदा आलं होतं, कळवल्यावर बदलून मिळालं.

झेलीबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग आईच्या अंगठ्याने आता उडालाय. सुटं कार्ड मिळेल का विचारलं, तर सुटी देत नाहीत. म्हणून पुन्हा अख्खा संच मागवलाय. त्यातलं एक आईला, बाकीची मावसबहिणीला. तिचे यजमान गेल्या महिन्यात गेले.