दसरा-दिवाळीची एकच साडी: खण घ्यावा की इरकल?

घटस्थापनेपासून भाऊबीजेपर्यंतच्या महिन्याभरात कपाटात नवी साडी एकच येणार असेल, तर खणाची घेऊ की इरकल? यंदा हे मला तीन जणींनी विचारलं. पैठणीला लग्नसराई आहेच. ऑक्टोबर हीटमध्ये, वारा पडलेला असताना, भरजरी रेशीम नेसून हळदीकुंकवाच्या रांगेत उभं राहायची हौस मला तरी नाही.

गंमत म्हणजे ही दोन्ही कापडं शेजारची. खण मूळचा गुळेदगुड्डचा, इरकल इळकलची. दोन्ही गावं कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातली. पण खण मुळात चोळीचं कापड. माग अरुंद, पन्हा चोळीपुरता. देवीच्या ओटीत आपण ठेवतो तो त्रिकोणी घडीचा खण हाच. त्याची साडी ही अलीकडची फॅशन, आणि बाजारातल्या बहुतेक खणाच्या साड्या यंत्रमागावरच्या असतात.

दिसण्यात खण जिंकतो, यात वाद नाही. बारीक बुट्ट्यांचं ते चमकतं अंग फोटोत सुरेख येतं. नवरात्राच्या नऊ रंगांपैकी बहुतेक सगळे त्यात मिळतात आणि साड्या हजाराच्या आसपासही दिसतात. पण कृत्रिम धागा जास्त असेल तर दुपारी दोननंतर पाठीला चिकटते. निऱ्या फुगतात. उलट्या बाजूला सुटे धागे असतील तर बांगडी अडकते ती वेगळीच. दुकानात साडी मुठीत घट्ट दाबून सोडून बघा. प्लास्टिकच्या पिशवीसारखी ताडकन उसळली तर ठेवून द्या.

इरकल पहिल्या दिवशी एवढी नखरेल दिसत नाही. नवी असताना खळीमुळे कडकही वाटते. दोन धुण्यांनंतर मात्र अंगासरशी बसते. सुती अंगाची घ्या, पदर रेशमी. अंगाचे नि पदराचे उभे धागे एकमेकांत फासे अडकवून जोडलेले असतात, त्याला कोंडी म्हणतात. पदर उलटा करून जिथे तो सुरू होतो तिथे बोट फिरवा, हातमागाच्या साडीत ती आडवी रेघ बोटाला लागते. पदर सरळ अंगातूनच विणत आलेला किंवा छापलेला असेल, तर नक्कल समजा आणि किंमतही तशीच द्या. खऱ्या पदरात लाल पट्ट्यांच्या मध्ये पांढरी नक्षी असते: ज्वारीचं कणीस, किल्ल्याचा तट, फणी. अशी साडी खणाच्या दुप्पट-तिप्पट किमतीला जाते. शिवाय लाल रंग पहिल्या धुण्याला सुटू शकतो. माझ्या पहिल्या इरकलीने बादलीतला पांढरा परकर गुलाबी केला होता. चूक माझीच, वेगळी भिजवायला हवी होती.

नारायणपेठही डोळ्यासमोर येईल. चौकडा आवडत असेल तर जरूर बघा. पण घरात एखादी असतेच बहुधा, म्हणून इथे सोडते.

दागिन्यांचं लवकर आटपतं. खणावर ऑक्सिडाइज्ड माळा सगळ्याच घालतात, म्हणून मला त्या आता गणवेशासारख्या वाटतात. बुट्टी गच्च असताना गळ्यात ठुशी पुरे. इरकलीचं अंग साधं, तिथे मोठी चांदीची माळ किंवा मोत्यांची चिंचपेटी खुलते. नथ दोन्हींवर चालते, फक्त दाबाची असेल तर जेवताना काढून ठेवा.

तेव्हा ज्यांना दांडियाला तासभर जाऊन फोटो काढून परतायचं आहे, त्यांनी खणाची साडी घ्यावी. अष्टमीला घागर फुंकायला जागणार असाल, लक्ष्मीपूजनाला फराळाची ताटं फिरवणार असाल, तर इरकल. आणि खण मनातून जातच नसेल तर मीटरभर खण घेऊन शिंप्याकडे टाका. इरकल साडी आणि खणाची चोळी हीच मुळातली जोडी. अस्तर मलमलचं लावायला सांगा, आणि आजच टाका. दसरा जवळ आला की शिंपी फोन उचलत नाहीत.