तीन सिलिंडरची गाडी, चार भोकांचं गॅसकेट

आमच्याकडे बाबांची १९९९ ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली. २०२४ मध्ये ५,००० रुपये भरून, आरटीओत गाडी दाखवून तिची नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली. बाबा आता नाहीत. आईला दवाखान्यात न्यायला मी तीच चालवते. हे आधी सांगते, कारण ज्याने मला फसवलं त्याने नेमकी हीच दुखरी जागा हेरली होती.

गेल्या मे महिन्यात गाडी मिसिंग मारायला लागली. सिग्नलला उभी असताना सगळं अंग थरथरायचं, उड्डाणपुलाच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा ओढ राहायची नाही. या गाडीला तीनच सिलिंडर. त्यातलं एक झोपलं की फरक लगेच कळतो. आमच्या भागातल्या एका गॅरेजमध्ये नेली. मालकाने दहा मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "ताई, इंजिन बसलंय. पंचवीस वर्षांची गाडी आहे, किती दिवस ओढणार? हेड उतरवावं लागेल." हेड म्हणजे सिलिंडर असलेल्या ब्लॉकवर बसणारं इंजिनचं झाकण.

माझा विश्वास बसावा म्हणून त्याने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते, ते दाखवलं. रबरी टोकाचा गेज स्पार्क प्लगच्या (ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या) भोकावर हाताने दाबून धरला आणि पोऱ्याला सेल्फ मारायला सांगितला. एक नंबरला काटा १५० च्या पुढे गेला, दोन नंबरला ६० वर थांबला. काटा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, म्हणून होकार दिला. तसला गेज जरा सैल धरला तरी हवा बाजूने निसटते आणि काटा वर चढत नाही, हे मला महिनाभराने कळलं. तो माझ्याकडे तोंड करून उभा होता. त्याचा हात किती जोर लावतोय हे मला दिसणंच शक्य नव्हतं.

१०,००० रुपये आगाऊ दिले. चौथ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला: जळून काळं पडलेलं हेड गॅसकेट, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधे बसणारी भोकांची पातळ चकती, शेजारी दोन करपलेले व्हॉल्व्ह. खाली लिहिलं होतं, 'बघा ताई, वेळेत आणली.' मी आईला तो फोटो दाखवला आणि बरं झालं म्हणाले. आठव्या दिवशी गाडी मिळाली, आणखी ८,५०० दिले. बिल मागितलं तर वहीच्या पानावर 'हेड काम, गॅसकेट, व्हॉल्व्ह, मजुरी' एवढंच. जुने पार्ट मागितले तर भंगारात गेले म्हणाला. गाडी मात्र खरंच सुरळीत चालत होती, त्यामुळे मी वाद घातला नाही.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि दुसऱ्या सकाळी तीच थरथर.

आमच्या गल्लीत एक सर राहतात. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या ट्रेडला निदेशक होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी गाडी हलवूच दिली नाही. "आधी कोणतं सिलिंडर मरतंय ते दारातच बघू." इंजिन बंद करून त्यांनी एका प्लगची वायर काढली, वायरच्या टोकाला एक जादा प्लग खोचला आणि त्याची धातूची बाजू कार्ब्युरेटरपासून लांब, इंजिनच्या लोखंडाला पक्की टेकवून ठेवली, म्हणजे करंटला वाट मिळते आणि ठिणगीचा करंट तयार करणाऱ्या कॉइलवर ताण येत नाही. मग मला गाडी चालू करायला सांगितली. एक नंबर काढल्यावर गाडी बंद पडायलाच आली. तीन नंबरलाही तेच. दोन नंबर काढला तर काहीच फरक नाही, म्हणजे तो आधीपासूनच काम करत नव्हता. चालू गाडीची वायर हाताने ओढायची नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. जबर झटका बसतो.

दोन नंबरचा प्लग काढला तर पेट्रोलने ओला. पेट्रोल पोचतंय, ठिणगी पोचत नाही. तेलाने चिकट असता तर इंजिनच्या आतल्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील झिजल्याचा संशय घेता आला असता, असं ते म्हणाले. तरीही खात्रीसाठी त्यांनी आपला गेज आणला, आट्याने भोकात बसणारा, हाताने धरावा न लागणारा. तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच सेल्फ. आकडे आले १६०, १५५, १६०, म्हणजे तिन्ही सिलिंडर ठणठणीत. वही काढून त्यांनी ते लिहून ठेवले.

रात्री अंधार पडल्यावर गाडी चालू ठेवून त्यांनी प्लगच्या वायरींवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारला. दोन नंबरच्या वायरीवरून हेडवर निळी ठिणगी उडाली. चट, चट, चट. मी दोन हात लांब उभी होते, तरी स्पष्ट दिसली.

गाडी बंद करून वायर काढली. प्लगच्या टोकाशी रबर टणक होऊन तडकलं होतं, आणि त्या तड्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. नवी पट्टी. वरून टोपण सरकवल्यावर दिसणारही नाही अशी. बाबांनी असं कधी केलं नव्हतं आणि गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेली नव्हती.

म्हणजे त्या माणसाला दोष पहिल्याच दिवशी सापडला होता. त्याने पट्टी लावली, कोरड्या मे महिन्यात ती टिकली, आणि त्या पट्टीचे त्याने माझ्याकडून १८,५०० रुपये घेतले. मेकॅनिकची चूक होऊ शकते, ती मी समजून घेतली असती. हे ते नव्हतं.

मग सरांनी टॉर्च घेऊन हेड बघितलं. हेड उतरवायचं तर कूलंट काढावं लागतं. आमचं जुनंच, गंजाच्या रंगाचं होतं. टायमिंग बेल्ट सोडावा लागतो. त्याच्या कव्हरच्या बोल्टांवरची धूळसुद्धा हललेली नव्हती. आणि हेड जिथे ब्लॉकवर बसतं त्या सांध्यावर तेल-धुळीचा वर्षानुवर्षं भाजून घट्ट झालेला थर सलग होता, कुठेही तुटलेला नाही. ते हेड कुणी उघडलंच नव्हतं.

मी त्यांना गॅसकेटचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा केला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. "भोकं मोज." सिलिंडरची मोठी भोकं चार होती. मी आणि आईने तो फोटो किती वेळा पाहिला होता!

वायरींचा संच, आणि प्रत्येक प्लगला करंट वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर मिळून १,०५० रुपये लागले. कॅपमध्ये करंट घसरल्याची काळी रेघ होती म्हणून तीही बदलली. त्यानंतरचा सगळा पावसाळा गाडी एकदाही थरथरली नाही.

गॅरेजमध्ये जाऊन मी फोटो समोर धरला. "चुकून दुसऱ्या गाडीचा गेला असेल." मग माझ्या गाडीच्या गॅसकेटचा फोटो दाखवा म्हटलं, तर आवाज चढला, आणि पावसात जुन्या गाड्या अशाच वागतात, हे ऐकवलं गेलं. पैसे परत करायला नकार.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण गॅरेजकडून उत्तर आलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात गेले. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. बिल नसल्यामुळे मी घाबरले होते. पण दोन्ही वेळचे पैसे यूपीआयने दिले होते, व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो तारखेसकट होता, वहीच्या पानावर त्याचंच अक्षर होतं. पैसे रोख दिले असते तर माझ्या हातात फारच थोडं उरलं असतं. तुमच्या गाडीचं कुणी हेड उतरवणार असेल, तर उतरवलेलं हेड गाडीशेजारी ठेवलेलं असताना स्वतः जाऊन बघा, नंबरप्लेटसह फोटो काढा, आणि जुने पार्ट मिळतील हे काम सुरू होण्याआधीच लिहून घ्या.

तक्रार अजून चालू आहे. ती चिकटपट्टी लावलेली वायर एका पाकिटात ठेवली आहे. गाडी मी दर रविवारी धुते, पण हेडच्या सांध्यावरचा तो थर पुसत नाही. निकाल लागेपर्यंत तिथे फडकं लावायचं नाही, असं सरांनी सांगितलंय.