शहादा ते तोरणमाळ: चालकासह भाड्याची जीप

नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ या थंड हवेच्या ठिकाणी जाताना, सातपुड्याचा घाट स्वतःच्या गाडीने चढण्याची सवय नसलेल्यांनी शहाद्याहून चालकासह जीप घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. म्हसावद, राणीपूर मागे पडले की सपाट शेते संपतात आणि सात पायरी घाटातील एकावर एक रचलेली तीव्र वळणे सुरू होतात; तेथे आमच्या चालकाने प्रत्येक आंधळ्या वळणावर हॉर्न दिला, उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवून ब्रेक तापू दिले नाहीत आणि दरीकडेला थांबण्याचा हट्ट ठामपणे नाकारला, याबद्दल मला त्याचा मनापासून आदर वाटतो. तोरणमाळ ११०० मीटरांहून अधिक उंचीवर असल्याने यशवंत तलावाकाठी मे महिन्यातही संध्याकाळ सुखद असते. सीताखाईचा कडा मात्र पावसाळ्याच्या अखेरीस, धबधबा वाहत असतानाच पाहावा.

जीपची मागची बाके अरुंद आहेत; वृद्धांना पुढेच बसवावे. प्रतीक्षेचे भाडे आधी सांगितले गेले नाही, हे मला खटकले. महाशिवरात्रीला गोरक्षनाथांच्या यात्रेमुळे घाटात मोठी गर्दी होते, तेव्हा केवळ निसर्ग पाहण्यासाठी जाणाऱ्यांनी ते दिवस टाळावेत.