हिरव्या दिव्याचं हाउसिंग आणि आतलं जुनं मीठ

वापरलेलं अंडरवॉटर हाउसिंग, म्हणजे कॅमेरा पाण्याखाली नेण्याची जलरोधक पेटी, विकणारा हमखास एक व्हिडिओ पाठवतो. पंपाने आतली हवा ओढली, उतरलेला दाब टिकला म्हणून दिवा हिरवा झाला, "बघा, थेंबसुद्धा आत जाणार नाही!" याच भरवशावर ॲल्युमिनियमचं हाउसिंग, डोम पोर्ट (लेन्ससमोरची घुमटाकार पारदर्शक खिडकी) आणि कॅमेरा असा अख्खा संच घेतला गेला. "दोनच ट्रिपा झाल्यात" हे वर. पहिल्याच रीफवर, 18 मीटरला, शटरचं बटण दाबता दाबता लीक अलार्म वाजला आणि कॅमेरा गेला.

दिवा खोटा नव्हता. तो फक्त फार थोडं सांगतो. पंप आतला दाब साधारण 200 मिलिबारने उतरवतो, म्हणजे दोन मीटर पाण्याइतकाच भार. 30 मीटरवर तोच भार 3 बार असतो. शिवाय व्हिडिओत एकही बटण दाबलेलं नव्हतं, आणि गोम तिथेच आहे. समुद्रात बुडालेलं हाउसिंग नीट धुतलं नाही की प्रत्येक बटणाच्या दांड्यावर, पाणी अडवणाऱ्या छोट्या रबरी कडीशेजारी (ओ-रिंग) मीठ सुकून खडे धरतं. दांडा जागचा हलला नाही तर रिंग दाब धरून ठेवते. पाण्यात पन्नासदा दाबलं की तेच खडे रिंगला ओरखडे पाडतात.

झाकणाची मुख्य ओ-रिंग मात्र नवीकोरी, चकचकीत होती. ती कुणालाही बदलता येते. दांड्यांच्या रिंगा बदलायला सर्कलिप (दांडा अडकवून ठेवणारी धातूची कडी) काढून बटणं सुटी करावी लागतात. तेवढी मेहनत विकण्यापुरत्या डागडुजीत कोण घेतो?

खुणा होत्या, पाहिल्या गेल्या नाहीत. स्टीलच्या स्क्रूभोवती पांढरी पूड, रंगाखाली बारीक फुगे: ॲल्युमिनियम आणि स्टील खाऱ्या पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं, त्याचा हा पुरावा. दोन बटणं दाबल्यावर सावकाश वर येत होती, म्हणजे स्प्रिंग गंजलेली. काही हाउसिंगना झिंकचा बळीचा तुकडा असतो, ॲल्युमिनियमऐवजी आधी तो झिजावा म्हणून. तो अर्धा खाल्लेला असेल तर 'दोन ट्रिपा' विसरा. कॅमेऱ्याच्या हॉट शूवर (माथ्यावरची फ्लॅश जोडण्याची खाच) आणि बॅटरीच्या कप्प्यात हिरवट थर दिसला की पुढचं बोलणंच नको.

सर्वांत मोठी खूण त्याच्या नमुना फोटोंत होती. "25 मीटरवर याच सेटवर काढलेला" सी-फॅन (पंख्यासारखं प्रवाळ) लालभडक, आणि स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश? "कधी वापरलाच नाही, म्हणून संचात नाही." लाल रंग पाण्यात पहिल्या काही मीटरांतच विरतो, इतक्या खाली प्रकाश सोबत नेल्याशिवाय तो लाल दिसायचा नाही. म्हणजे बहुधा स्ट्रोब होता आणि गायब झाला, किंवा फोटो दुसऱ्याच सेटचा. अशा वेळी मूळ फाइल मागवून एक्झिफमधलं, म्हणजे फाइलमध्ये आपोआप नोंदलेल्या माहितीतलं, कॅमेऱ्याचं मॉडेल पाहावं. इथे नुसते स्क्रीनशॉट आले होते.

पैसे देण्याआधी व्हिडिओ मागायचाच तर असा मागा: हवा ओढली, मग प्रत्येक बटण तीसदा दाबलं, प्रत्येक चाक फिरवलं, आणि तासाभराने तोच दिवा दाखवला. खोलीचं तापमान सारखं हवं. हाउसिंग गार झालं की आतला दाब आपोआप उतरतो आणि बारीक गळती झाकली जाते.

हातात आल्यावर पहिली डाइव्ह कॅमेऱ्याविना. आत टिश्यू पेपर ठेवा, वजनही ठेवा, नाहीतर रिकामं हाउसिंग वर उसळतं. आधी पाच मीटरवर, मग नेहमीच्या खोलीवर न्या. दोन्हीकडे सगळी बटणं दाबा. टिश्यू कुठे भिजला यावरून गळणारी जागा कळते.

तक्रार केली तर उत्तर ठरलेलं: "तुम्हीच ग्रीस नीट लावलं नाही." ग्रीस जास्त झालं की वाळू आणि केस चिकटतात हे खरंच, म्हणून हे उत्तर खपतं. पण स्क्रूखालची कडक पांढरी खपली आणि गंजलेली स्प्रिंग एका दिवसात होत नाही. म्हणून पार्सल उघडतानाच, पाण्याला लावण्याआधी, प्रत्येक स्क्रूचा आणि बटणाचा जवळून फोटो काढून त्याच दिवशी विक्रेत्याला पाठवा.