फिका दगडी, गडद दगडी: स्टेशनच्या मॉडेलसाठी रंगसंच

ब्रिटनच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या १९३० च्या दशकातल्या एका छोट्या स्टेशनचं १:७६ मापाचं मॉडेल करतेय, त्यासाठी हा तीन बाटल्यांचा अ‍ॅक्रिलिक संच घेतला. या कंपनीच्या स्टेशन इमारतींचे रंग म्हणजे ‘लाइट स्टोन’ आणि ‘डार्क स्टोन’, दोन्ही दगडी छटा.

फिका रंग अप्रतिम आहे. बाटलीत पिवळाजर्द वाटतो, म्हणून आधी धास्तावले होते. पण वाळला की मऊ, मातकट होतो. प्लॅटफॉर्मवरच्या छताला लाकडी झालर असते ना, तिच्यावर शून्य नंबरच्या ब्रशने दोन पातळ हात दिले. फळ्यांमधली एकही खाच बुजली नाही! चकाकी अजिबात नाही.

गडद रंगाने मात्र निराशा केली. तो सरळसरळ चॉकलेटी आहे. चॉकलेटी आणि क्रीम ही जोडी स्टेशनांवर आली ती १९४८ च्या राष्ट्रीयीकरणानंतर, ब्रिटिश रेल्वेच्या वेस्टर्न विभागात. माझ्या दारांवर तो लावला आणि स्टेशन एकदम दीड-दोन दशकं पुढे गेलं. शेवटी तीन थेंब गडद, एक थेंब फिका असं मिसळून काम भागवलं. संच बनवणाऱ्यांनी ही छटा सुधारायलाच हवी.

पांढरा ठीक. खिडक्यांना पुरतो.

आणि रंग जुळवायचा तो दिवसाउजेडी. पिवळ्या दिव्याखाली दोन्ही दगडी छटा सारख्याच दिसतात.